घोड्यासह मुक्काम

प्रवासास निघालेल्या मनुष्यानें रात्रीं कोठें उतरावें, हा प्रश्न आज जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत फारसा अवघड राहिलेला नाहीं. लेण्याद्रीच्या पायथ्याशीं, ओझरास विघ्नेश्वराच्या देवळापाशीं, भीमाशंकराच्या वाटेवर, नारायणगांव-मंचरच्या हमरस्त्यावर, जेथें जावें तेथें भक्तनिवास, खाणावळी व राहण्याच्या खोल्या मिळतात. परंतु त्या मनुष्याबरोबर एक घोडी असली, म्हणजे मात्र सारें गणित फिरतें. मोटारगाडीसाठीं फरशी घातलेलें आवार असतें, चालकासाठीं बाज असते. घोडीचें नांव काढतांच यजमान प्रथम हंसतो, आणि मग ती बांधणार कोठें, असा प्रश्न आपल्यालाच विचारतो.

आतां घोडी घेऊन प्रवास करतो कोण, असें कोणी म्हणेल. करणारे लोक आहेत, आणि थोडेथोडके नाहींत. दिवाळीनंतर पारनेर-संगमनेरकडील धनगरांचे वाडे मेंढरें घेऊन पश्चिमेकडे सरकूं लागतात. त्यांतील कित्येक माळशेज घाटानें कोंकणांत उतरतात व पावसाच्या तोंडीं पुन्हां वर येतात. त्यांचा सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. दुसरे लोक म्हणजे गांवोगांवच्या यात्रांना बैलगाड्यांच्या शर्यतीसाठीं जाणारे शेतकरी. या भागांत गाड्यापुढें स्वार घेऊन घोडी पळते, आणि ती घोडी टेंपोंत घालून एका गांवाहून दुसऱ्या गांवीं न्यावी लागते. या दोघांशिवाय डोंगरवाटा घोड्यावरून पाहण्याची हौस असलेली तरुण मंडळी अलीकडे कधीं कधीं आढळतात, आणि त्यांचीच फजिती अधिक होते. कारण त्यांना तळ कशास म्हणावें हें कोणीं शिकविलेलें नसतें.

घोड्याचा तळ पाहतांना शोभा पाहूं नये. डोंगराच्या कड्यावरून सूर्यास्त कसा दिसतो, याचें घोड्यास कांहींएक सोयर नसतें. त्यास दिवसाकांठीं पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतें, उन्हाळ्यांत त्याहूनहि अधिक. आणि तें पाणी असें हवें कीं, त्याला काठापर्यंत न घसरतां जातां यावें. धरणाच्या फुगवट्याचें पाणी दुरून मोठें मोहक दिसतें, पण काठीं गुडघाभर गाळ असतो व त्यांत पाय रुतलेला घोडा बिथरतो. जमीन कोरडी, टणक व किंचित् उताराची असावी. वाऱ्याची बाजू एखाद्या बांधानें किंवा झाडीनें झांकलेली असावी. वैरण कोरडी असावी. घोड्याला ओकारी येत नाहीं, म्हणून जें एकदां पोटांत गेलें तें बाधलें तरी परत निघत नाहीं. परक्या गांवीं कोणी प्रेमानें पुढें टाकलेला हिरवा घांस त्यास एकदम पोटभर खाऊं देणें म्हणजे रात्रभर पोटशूळाला निमंत्रण देणें होय. अगाडी, पिछाडी, मेख, तोबरा, खरारा, चंदी हे शब्द आपल्या घरांत आतां बखरी वाचण्यापुरते उरले आहेत. पण घोड्याजवळ रात्र काढावयाची झाली, तर त्यांतील एकहि वस्तु वगळून चालत नाहीं.

या प्रांतांत तळांची विद्या फार जुनी आहे. जुन्नराहून पश्चिमेस आपटाळें, चावंड, पूर यांवरून घाटघरास गेलें कीं नाणेघाटाचें तोंड लागतें. कोंकणांतील बंदरांचा माल याच वाटेनें जुन्नरास व पुढें प्रतिष्ठानास जाई. घाट चढून आल्यावर वाटेला लागूनच कोरलेली प्रशस्त गुहा आहे. तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा सुप्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. त्यांत दोन अश्वमेधांचा उल्लेख असून गायी, हत्ती, घोडे व कार्षापण यांच्या दक्षिणा आंकड्यांसह मोजून सांगितल्या आहेत. मागील भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णि इत्यादिकांच्या मूर्तींचीं नांवें उरलीं आहेत, मूर्ति गेल्या. वाटेवर मोठा दगडी रांजण आहे व त्यांत जकात टाकीत, असें परंपरा सांगते. विद्वान मंडळी या ठिकाणीं राजवंशासाठीं व प्राचीन अंकांसाठीं येतात, तें योग्यच आहे. परंतु मुक्कामाच्या दृष्टीनें पाहणाऱ्याचें लक्ष याच घाटांतील दुसऱ्या दोन लहानशा लेखांकडे जावें. एकांत सोपाऱ्याच्या गोविंददासानें पोढी, म्हणजे पाण्याचें टाकें, दान दिल्याचें सांगितलें आहे. दुसऱ्यांत वासिष्ठीपुत्र चतरपण सातकर्णीच्या तेराव्या वर्षीं कामवनच्या दामघोषानें पोढी दिल्याची नोंद आहे. खुद्द जुन्नरच्या लेण्यांतहि इरिल नांवाच्या एका यवनानें दोन पोढ्या दिल्याचा लेख आहे.

सोपारें म्हणजे आजचें नालासोपारें. तेथला मनुष्य इतक्या दूर घाटमाथ्यावर पाण्याचें टाकें खोदवितो, तेव्हां तो किंवा त्याचे तांडे तहानलेल्या जनावरांसह ही चढण एकदां तरी चढले असावेत, असें मानण्यास हरकत नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यांत पाण्याचा नुसता कल्लोळ असतो आणि फाल्गुनापासून घोटभर पाणी मिळण्याची मारामार. अशा ठिकाणीं तळ आपोआप सांपडत नाहीं. तो कोणीतरी आपल्या पदरच्या द्रव्यानें घडवावा लागतो. राणीच्या यज्ञांतील हजारों गायी कोठें गेल्या, हें कोणास ठाऊक नाहीं, पण खडकांत खोदलेलें टाकें दोन हजार वर्षें वाटसरूंच्या उपयोगीं पडलें.

मराठ्यांच्या काळाबद्दल विस्तारानें लिहिण्याचें कारण नाहीं, कारण तो वाचकांस परिचित आहे. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं रात्रीं तटास शिड्या लावून जुन्नर लुटलें, तेव्हां तीन लक्ष होनांबरोबर दोनशें घोडे हातीं लागले. शिवनेरीच्या पायथ्याशीं इतके घोडे बांधलेले होते, म्हणजे तेवढें पाणी व वैरणहि होती, हें त्या लुटीच्या वर्णनांत कोणी सांगत नाहीं. भीमेच्या खोऱ्यांतलीं भीमथडी तट्टें दिसण्यांत ठेंगणीं, पण काटक. थोड्या चंदीवर व निकृष्ट गवतावर मजल मारणारीं. मराठ्यांच्या फौजा इतक्या चपळ होत्या, त्यांत या तट्टांच्या पोटाचा वाटा मोठा होता. आंबेगांव तालुक्यांतून वाहणाऱ्या घोड नदीच्या काठीं, खालीं शिरूरास, इंग्रजांनींहि एकोणिसाव्या शतकांत घोडदळाची छावणी वसविली होती.

आज मात्र या विद्येचे खरे जाणकार धनगरच. ओतूरच्या पुढें माळशेजच्या वाटेवर एका कापणी झालेल्या शेतांत वाडा उतरलेला मीं पाहिला. पुरुष मेंढरांमागें मागाहून येत होते. बिऱ्हाड घेऊन पुढें आलेल्या बायकांनींच जागा ठरविली होती, ओझीं उतरविलीं होतीं, वाघुरीचीं जाळीं उभारलीं होतीं, आणि पाठीवरच्या पोरांना व कोंबड्यांना खालीं ठेवून घोड्यांच्या पायांत पायबंद घातले होते. हें सर्व अर्ध्या तासांत, कोणी कोणास हांक न मारतां. त्यांतील एका वयस्क बाईंना मीं विचारलें, “मावशी, हीच जागा कां निवडलीत? पलीकडे तळ्याकांठीं हिरवळ अधिक आहे.” तिनें माझ्याकडे जरा कींव केल्यासारखें पाहिलें. “दादा, हिरवळीच्या मागं ऊस हाय. उसात काय बसलंय त्ये तुला दिसतंय का? आन् हितला मालक बोलवून घेतो. मालकानं बोलवल्याबिगर घोडीचं वझं सोडायचं नाय.”

या दोन वाक्यांत सगळें शास्त्र आलें. शेतकरी धनगरांस आपल्या रानांत मेंढरें बसविण्यास बोलावतो, कारण रात्रभर बसलेल्या कळपाचें खत त्यास हवें असतें. मोबदल्यांत तो धान्य देतो, क्वचित् पैसे देतो, आणि विहिरीचें पाणी तर देतोच. अशा रीतीनें वाड्याच्या घोड्यांचा मुक्काम मेंढरांच्या पुण्याईवर होतो. जुन्या व्यापाऱ्यानें टाकें दिलें, आजचा शेतकरी एका रात्रीपुरतें रान देतो. देणाऱ्याचें रूप बदललें, इतकेंच.

पण देण्यासारखें रान दिवसेंदिवस कमी होत चाललें आहे. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभें हीं पांच धरणें झालीं आणि या कोरडवाहू मुलखाचें रूप पालटलें. बाजरी-हुलग्याच्या जागीं ऊस, द्राक्षें व टोमॅटो आले. शेतकऱ्याच्या घरीं चार पैसे आले, ही आनंदाची गोष्ट आहे, व तिच्याविषयीं शहरांत बसून उसासे टाकणें शोभत नाहीं. डिंभ्याच्या जलाशयाखालीं खुद्द आंबेगांव बुडालें. तालुक्याला नांव तेवढें राहिलें व कचेरी घोडेगांवीं आहे. परंतु बारमाही पिकें आलीं म्हणजे शेत मोकळें राहत नाहीं. बांधावर तारा आल्या. गांवोगांवच्या गायरानांवर कोठें घरें, कोठें अन्य कांहीं उठलें. भीमाशंकराचें अरण्य १९८५ पासून अभयारण्य आहे, तेथें परवानगीवांचून जनावरांसह उतरतां येत नाहीं, व तें रास्तच आहे.

आणि उसाबरोबर बिबट्या आला. उसाच्या फडांत बिबट्यांची मादी पिलें घालते. तोडणी सुरू झाली कीं ती पिलें घेऊन एका फडांतून दुसऱ्यांत जाते. २००१ च्या सुमारास जुन्नर भागांत माणसांवरील हल्ले वाढले, आणि पकडलेल्या बिबट्यांसाठीं माणिकडोहास निवारा केंद्र चालवावें लागलें. उसाची तोडणी आणि धनगरांचें चालणें यांचा हंगाम एकच. मेंढरांना निदान जाळ्याचा आडोसा असतो व कुत्रीं राखणीस असतात. पायबंद घातलेल्या घोडीला पळतां येत नाहीं, आणि तिचें शिंगरूं तर आयतेंच भक्ष्य. त्या बाईनें शिंगरूं रात्रीं बाजेच्या पायाला, स्वतःच्या उशाशीं बांधलें होतें. त्याच पालांत तिचीं दोन नातवंडें निजलीं होतीं. वाड्याची घोडी गेली तर संसार वाहून नेणार कोण, आणि पोरांना चालवत किती नेणार? आपल्या घरीं बैठकीवर बिबट्याच्या गोष्टी रंगतात, तेव्हां या उशाकडच्या दोरीची आठवण ठेवावी.

शर्यतींच्या घोड्यांची कथा थोडी निराळी. २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद केल्या. २०२१ च्या डिसेंबरांत सशर्त परवानगी मिळाली व २०२३ च्या मे महिन्यांत राज्याचा कायदा न्यायालयानें ग्राह्य धरला. तेव्हांपासून यात्रांचे घाट, म्हणजे शर्यतीच्या धांवपट्ट्या, पुन्हां गजबजले. शर्यती असाव्यात कीं नसाव्यात, याचा वाद येथें करावयाचा नाहीं. पण चैत्राच्या उन्हांत टेंपोंतून उतरविलेली घोडी दुपारभर पत्र्याच्या सांवलींत उभी दिसते, तेव्हां यात्रेच्या पंचांनीं बक्षिसांच्या रकमेंतून थोडें काढून एक पाण्याचा हौद, एक मांडव व पन्नास पावलें मोकळी जमीन राखावी, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. टेंपोंत घोडी सतत तोल सांवरीत उभी असते. प्रवास संपतो तेव्हां ती धांवल्याइतकीच थकलेली असते. तिला लागलीच पळविणें हा निव्वळ आडदांडपणा आहे. उतरविल्यावर प्रथम हळूहळू फिरवावी, मग थोडें थोडें पाणी दाखवावें, मग वैरण, आणि चंदी सर्वांत शेवटीं.

हौसेनें घोडा घेऊन या बाजूस येणाऱ्यांनीं मार्गशीर्ष ते माघ हा काळ धरावा. त्या वेळीं पश्चिमेकडील भातखाचरें कापून मोकळीं झालेलीं असतात, ओढ्यांना पाणी असतें व रात्रीं माशांचा त्रास नसतो. जुन्नर ते नाणेघाट हें अंतर सुमारें तीस किलोमीटर आहे. एका दिवसांत तें कापण्याचा हट्ट न धरतां पुराच्या अलीकडे-पलीकडे एक मुक्काम करावा. तेथें कुकडेश्वराचें जुनें शिल्पमंडित देऊळहि पाहून होतें. आंबेगांवांत घोडेगांवाहून तळेघरच्या बाजूस चढावें आणि अभयारण्याच्या हद्दीपूर्वींच तळ द्यावा. नाणेघाटाची खालची उतरण घोड्यावर बसून करूं नये. दगडी पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत. टांक्यांतील पाणी बादलीनें शेंदून वेगळें पाजावें, जनावराचें तोंड टांक्यांत घालूं नये. मुक्कामाची जागा दिवस मावळण्यापूर्वीं दोन तास ठरवावी, उसापासून दूर व वस्तीच्या हांकेच्या टप्प्यांत. शेताच्या मालकाला भेटून विचारावें. तो घरीं नसेल तर घरच्या म्हाताऱ्या माणसास विचारावें, आणि होकार मिळेपर्यंत खोगीर उतरवूं नये.

तळ सोडतांना मेखांचे खड्डे बुजवावेत, लीद गोळा करून मालकाच्या उकिरड्यावर टाकावी, आणि पुढच्या गांवीं कोणाच्या रानांत उतरतां येईल, हें त्यालाच विचारून घ्यावें. बहुधा तेथें त्याचा कोणी सोयरा असतोच.