सत्तावीस गुणांचा शक्तिमान

मंडळी, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये शक्तिमान बसवणं म्हणजे डोक्याला ताप आहे. २०१४च्या नियमांत सहा क्षमतांसाठी हातात फक्त २७ गुण. तीन क्षमता १५वर नेल्या की पैसे संपले, उरलेल्या तीन ८वरच. मी ताकद, चपळाई नि शहाणपण घेतलं. काटकपणा, बुद्धी नि छाप राहिली. कुंडलिनी, ध्यान वगैरे असल्यामुळे वर्ग अर्थातच 'मंक'. पण पहिल्या पातळीला हिट पॉइंट किती? ७! गॉब्लिनचे दोन बाण बसले की बहुतेक आटोपलाच. उडणं तर सोडाच.

आमचा खेळ लोणारच्या विवरात घडणार, किल्विष तिथेच दबा धरून. अंधाराचं म्हणाल तर आम्हा बुलढाणेकरांना तो भारनियमनाने चांगलाच ओळखीचा करून दिलाय.

कॅरेक्टर शीटकडे बघताना मग ट्यूब पेटली. अरे, हा तर गंगाधर! दात पुढे, छाप शून्य, ऑफिसात कुणी हिंग लावून विचारत नाही. मालिकेत (१९९७-२००५) तो नुसता वेषांतरापुरता होता. इथे त्यालाच लढायचंय. सर्वशक्तिमानाची काळजी कोण करणार? ७ पॉइंटवाला विवरात उतरला की मात्र फासा थांबेपर्यंत जीव टांगणीला.

असो. शनिवारी पहिला डाव. गंगाधर वाचला तर कळवतोच.