खिशातल्या यंत्राचा कल्पित श्रोता

खिशात मावणारे नवे संगीतयंत्र हाती आले की पहिल्या दिवशी त्याच्या आवाजाची खरी पारख सहसा होत नाही, कारण तो दिवस वेष्टन सोडवण्यात, बॅटरी भरण्यात, बटणे चाचपण्यात आणि मुख्यतः आपल्या आवडीची गाणी त्यात कशी बसतात हे पाहण्यात निघून जातो. ती कुठे अलगद बसतात आणि कुठे अडतात हे पाहता पाहता मालकाच्या ध्यानात येऊ लागते की, यंत्र घडवणाऱ्याने डोळ्यांपुढे कोणीतरी एक श्रोता धरलेला होता. त्या श्रोत्याचे वय काय, तो एकटा ऐकतो की चारचौघांत, आणि त्याच्या लेखी ‘गाणे’ म्हणजे किती मिनिटांचा ऐवज, याविषयीचे अंदाज बटणांत, पडद्यावर आणि यंत्राच्या स्मृतीत आधीच घातलेले असतात. मालक त्या कल्पित श्रोत्याच्या जितका जवळचा, तितके ते यंत्र त्याला सोपे वाटते. १९७०च्या आगेमागे महाराष्ट्रात जन्मलेल्या पिढीला अशी पहिली ओळख आयुष्यात चार-पाच वेळा तरी करून घ्यावी लागली, आणि दर वेळी कल्पित श्रोता निराळा निघाला.

यातले पहिले यंत्र, म्हणजे सोनी कंपनीचा वॉकमन, जपानात १ जुलै १९७९ रोजी ३३,००० येन किमतीला विक्रीस आला. वार्ताहरांसाठी बनवलेल्या लहानशा ध्वनिमुद्रकातून मुद्रणाची सोय आणि ध्वनिवर्धक काढून टाकायचे, त्या जागी दोन कानांना वेगवेगळा ध्वनी पुरवणारी स्टिरिओ यंत्रणा बसवायची आणि जोडीला वजनाने अगदी हलका हेडफोन द्यायचा, एवढीच त्यामागची करामत होती. जे यंत्र मुद्रण करत नाही ते कोण घेईल, अशी शंका कंपनीतच अनेकांना होती. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन जोडण्यासाठी दोन छिद्रे होती आणि एक नारिंगी बटण होते, जे दाबले असता संगीत हळू होऊन एका बारीक मायक्रोफोनमधून दोघा श्रोत्यांना एकमेकांशी बोलता येई. सोनीचे अकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मचरित्रात याचे कारण सांगितले आहे: प्रायोगिक यंत्र घरी नेऊन ते ऐकत बसले असता पत्नीला आपण वगळले गेल्यासारखे वाटले, आणि एकट्यानेच ऐकत राहणे हे उद्धटपणाचे दिसेल असे त्यांच्या मनाने घेतले. म्हणजे वॉकमनचा कल्पित श्रोता जोडीने ऐकणारा होता. प्रत्यक्षात गिऱ्हाईक एकटेच निघाले, आणि नारिंगी बटण पुढच्या नमुन्यांतून गळून पडले.

महाराष्ट्रात हे यंत्र प्रथम पोचले ते बहुतांशी आखातातून किंवा अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून, आणि नंतर देशी कंपन्यांच्या स्वस्त आवृत्त्यांतून. येथे त्याची पहिली ओळख फार सुखाची झाली, कारण त्याच्यात घालायची वस्तू, म्हणजे कॅसेट, घरोघरी आधीच रुळलेली होती. नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने १९६३ साली पुढे आणलेल्या या कॅसेटमधील फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद असते, ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास चालते. या अर्ध्या तासात भावगीते बसत, कीर्तनाचा पूर्वरंग बसे, पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन बसे. शिवाय कोऱ्या कॅसेटवर यादीबरहुकूम गाणी भरून देणारे दुकान बहुतेक गावांत असल्यामुळे कोणत्या गाण्यानंतर कोणते यायचे हेही गिऱ्हाइकाच्या हातात राही. नव्या वॉकमनबाबत तक्रार असे ती सेलची. सेल उतरू लागले की फीत संथ होई, गायिकेचा आवाज हळूहळू खर्जात जाई, आणि कॅसेट पेन्सिलीवर गुंडाळणे ही पहिल्या आठवड्यातच शिकायची कला ठरे, कारण उलटे फिरवण्याचे बटण सेल सर्वांत जास्त खाई. पुढे कानात बसणारे इअरफोन आले तेव्हा कॉलेजातली मुले-मुली एकाच जोडीतला एकेक कानात घालून शेजारी बसू लागली आणि स्टिरिओचा डावा भाग एकाला, उजवा दुसऱ्याला मिळू लागला. मोरितांनी योजलेला जोडीचा श्रोता अशा अर्धवट रूपाने का होईना, अवतरला म्हणायचा.

एमपी-३ प्लेअरची पहिली ओळख मात्र अडचणीची होती. एमपी-३ ही ध्वनी साठवण्याची एक संक्षेपपद्धती आहे. मोठ्या आवाजाच्या सावलीत दडलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला तसाही ऐकू येत नाही, या निरीक्षणाचा आधार घेऊन ती असा दडलेला भाग टाकून देते आणि फाइल मूळ आकाराच्या साधारण दहाव्या-अकराव्या हिश्श्यावर आणते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या ज्या संशोधकांनी ती सिद्ध केली त्यांपैकी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटीसाठी सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे वाद्यसाथीविना गायलेले एक गाणे पुनःपुन्हा वापरले, कारण अशा उघड्या आवाजात टाकाटाकीची खोट लगेच पकडली जाते. कसोटी कडक होती यात शंका नाही. परंतु तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर दोरा सरकवून साधलेली ती स्वरांची झाक, तिच्यात वरच्या स्वरांचा जो अखंड झिरमिळता पदर असतो तो कमी दर्जाच्या एमपी-३ मध्ये पातळ होऊन पाण्यासारखा हलू लागतो, आणि ख्याल ऐकणाऱ्या मालकाला नव्या यंत्रातली पहिली खटकणारी गोष्ट बहुधा हीच सापडे.

त्याहून मोठी अडचण जागेची होती. १९९८ साली बाजारात आलेल्या अशा पहिल्या यंत्रांपैकी कोरियन ‘एमपीमॅन’ आणि अमेरिकन ‘रिओ’ या दोहोंची मूळ स्मृती ३२ मेगाबाइट होती, आणि त्या काळच्या सर्वसाधारण दर्जाने एका मिनिटाला सुमारे एक मेगाबाइट लागत असल्याने त्यात अर्ध्या तासापेक्षा थोडेच अधिक संगीत मावे. पाश्चात्त्य पॉप ऐकणाऱ्याला ही जागा आठ-दहा गाण्यांची. किराणा घराण्याचा विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ती कदाचित एकाही पूर्ण गाण्याची नव्हे.

गाणे म्हणजे तीन-चार मिनिटांचा तुकडा, ही समजूत संगणकाने निर्माण केलेली नाही. ती मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीपासून चालत आली आहे, जिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे मुद्रण होत नसे. तासभर राग मांडणाऱ्या गवयांनी या चौकटीत तो कसा बसवला, हा भारतीय संगीताच्या इतिहासातील एक थक्क करणारा भाग आहे, आणि त्याचा सर्वांत दूर गेलेला नमुना म्हणजे गोव्यातील केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी, जी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत घातली गेली आणि सुमारे साडेतीन मिनिटांचीच आहे. याच तबकड्यांच्या आरंभकाळात, १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गाऊ लागल्या तेव्हा मुद्रण संपतासंपता त्या स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत, कारण तबकड्या जर्मनीत हानोफरला दाबल्या जात आणि तेथील कारागिरांना चिठ्ठी कोणाच्या नावाची लावायची हे कळायला हवे असे. गाण्याला नाव लावण्याचा प्रश्न इतका जुना आहे, आणि आयपॉड घेतलेल्या मराठी माणसाला तो शंभर वर्षांनी नव्याने भेटला.

ॲपल कंपनीने २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर केलेल्या आयपॉडमध्ये ५ गिगाबाइटची तबकडी होती, किंमत ३९९ डॉलर होती आणि जाहिरात हजार गाण्यांची होती. हा हिशेब अर्थात चार-चार मिनिटांच्या गाण्यांचा. आरंभी तो केवळ ॲपलच्याच संगणकाशी जोडता येई, त्यामुळे मराठी घरांत तो बहुधा २००२ नंतरच्या, विंडोजशी जुळणाऱ्या रूपांत आला. हातात घेतल्यावर प्रथम भुरळ पडे ती पुढच्या चाकाची: अंगठा गोल फिरवावा तशी नावांची यादी सरसर धावू लागे, आणि पाठीमागचा आरशासारखा पोलादी पत्रा चार दिवसांत बारीक चरे पडून मळकट दिसू लागे. परंतु यादी धावायची तर यादीत नावे हवीत. प्रत्येक एमपी-३ फाइलसोबत नावनिशी साठवण्यासाठी १९९६ साली एक पद्धत निघाली होती, जिच्या पहिल्या रूपात फाइलच्या शेवटी फक्त १२८ बाइट जागा असे: गाण्याचे नाव ३० अक्षरांत, कलावंत ३० अक्षरांत, अल्बम ३० अक्षरांत, वर्षाला ४, आणि संगीतप्रकाराला एक बाइट. हा प्रकार मालकाने लिहायचा नसून आधी ठरलेल्या ऐंशी प्रकारांतून निवडायचा होता. त्या ऐंशीत ब्लूज होते, ग्रंज होते, डेथ मेटल होते. भावगीत, नाट्यगीत, अभंग किंवा लावणी नव्हती. ‘इतर’ नावाचा एक प्रकार मात्र होता, आणि मराठी गाण्याचा मोठा भाग त्याखाली जाऊन पडला.

‘कलावंत’ हा एकच रकाना असणे तर आणखी अडचणीचे. मराठी सुगम संगीतात गाण्याची ओळख तिघांच्या नावाने होते, कवी, संगीतकार आणि गायक. आकाशवाणीवर निवेदक ही तिन्ही नावे सांगत आणि श्रोत्याच्या स्मरणात ती त्याच गुंफणीत राहत. पुढच्या आवृत्त्यांत संगीतकाराला आणि गीतकाराला रकाने मिळाले तरी यंत्राची मुख्य यादी गायकाच्याच नावाने लागे. शिवाय आरंभीच्या अनेक यंत्रांना देवनागरी दाखवता येत नसे, नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटत, म्हणून सारे रोमन लिपीत लिहावे लागे; आणि ‘आ’साठी एक ए की दोन, ‘श’ला एच लावायचा की नाही, याचा निर्णय सोमवारी एक आणि बुधवारी दुसरा झाला की एकाच गायिकेच्या तीन गायिका होऊन यादीत निरनिराळ्या जागी बसत. नव्या आयपॉडची पहिली संध्याकाळ अनेकांनी ऐकण्यात नव्हे, तर हे स्पेलिंग दुरुस्त करण्यात घालवली असणार. एका अर्थी ते चांगलेही झाले, कारण वर्षानुवर्षे गुणगुणलेल्या कितीतरी गाण्यांचा कवी कोण हे शोधण्याची पाळी मालकावर त्या निमित्ताने प्रथमच आली.

याच यंत्राने ‘शफल’, म्हणजे गाणी मिसळून कोणत्याही क्रमाने वाजवणे, ही सवय रूढ केली. सुट्या गाण्यांना ती शोभते. पण गीतरामायणासारख्या छप्पन्न गीतांच्या रचनेला, जी पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक अशा संथ क्रमाने श्रोत्यांपर्यंत पोचली, शफल लावला तर रामाचा जन्म व्हायच्या आधी सेतू बांधून होतो. ख्यालात विलंबित बंदिश एका फाइलमध्ये आणि द्रुत दुसऱ्या फाइलमध्ये असली की शफल दोघींची ताटातूट करतो, आणि शफल बंद ठेवला तरी आरंभीच्या आयपॉडमध्ये दोन फाइलींच्या मध्ये क्षणभर मुकेपणा येई. ही फट बुजवण्याची सोय २००६ सालच्या नमुन्यात आली. पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि सलग वाजणारे रॉक अल्बम ऐकणाऱ्यांनाही ती तितकीच टोचत असल्याने ती बुजली, हे उघड आहे; ख्याल ऐकणाऱ्याचे फावले ते या शेजारामुळे.

कारवाँ हे यंत्र या सर्वांहून निराळे, आणि त्याची योग्यता सहसा कमी लेखली जाते. सारेगामा कंपनीने, म्हणजे पूर्वीच्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, २०१७ साली ते आणले: जुन्या रेडिओसारखी पेटी, आत आधीच भरलेली पाच हजार हिंदी गाणी, आणि कलावंतांच्या नावांवर फिरणारी एक खुंटी. मागाहून त्याची मराठी आवृत्तीही निघाली. ते खिशात मावत नाही, पण ओट्यावरून देवघरात आणि तेथून उशाशी नेता येते. त्याची पहिली ओळख बहुधा विकत घेणाऱ्याला होतच नाही, कारण मुलाने किंवा मुलीने घेऊन आईवडिलांच्या हाती दिलेली ती वस्तू असते. येथे भरायचे काही नाही, नाव द्यायचे नाही, जोडायचे नाही. खुंटी फिरवावी आणि जे लागेल ते ऐकावे, ही रेडिओची जुनी सवय त्यात जशीच्या तशी गृहीत धरली आहे, आणि मागच्या वीस वर्षांत सत्तरीतल्या श्रोत्याला डोळ्यांपुढे ठेवून घडवलेले दुसरे यंत्र दाखवणे कठीण आहे. उणीव आहे ती अशी की, पेटीतले भांडार एकाच कंपनीच्या मालकीचे. इतर कंपन्यांनी काढलेली गाणी पेनड्राइव्ह लावल्याशिवाय तेथे नसतातच, आणि पेनड्राइव्ह लावला की नावांची आणि क्रमाची सारी जुनी कटकट मागोमाग येते.

ॲपलने १० मे २०२२ रोजी आयपॉड बंद करत असल्याचे जाहीर केले, तरी केवळ संगीतासाठीची यंत्रे अजून बनतात आणि आता पन्नाशी ओलांडलेली तीच पिढी ती पुन्हा विकत घेताना दिसते, कारण तिच्या घरी खासगी मैफलींच्या कॅसेटी संगणकावर उतरवून झाल्या आहेत. अशा फाइलींना अल्बम नसतो, वर्ष ठाऊक नसते, आणि लांबी कॅसेटच्या एका बाजूएवढी, तीस किंवा पंचेचाळीस मिनिटांची असते. देवनागरी आता बहुतेक यंत्रांवर नीट उमटते, जागेचा तुटवडा राहिलेला नाही, तंबोराही पूर्ण ऐकू येतो. तरीही दुकानात यंत्र पसंत करताना अशा मालकाने विक्रेत्याने लावलेल्या चकचकीत नमुन्यावर विसंबू नये. आपली पाऊण तासाची फाइल लावावी, विसाव्या मिनिटाला यंत्र बंद करावे आणि पुन्हा सुरू करून ते राग कोठून उचलते ते पाहावे. काही यंत्रे जागा लक्षात ठेवतात, काहींत ती सोय फक्त बोलक्या पुस्तकांसाठी असते आणि म्हणून मारव्याची नोंद पुस्तक म्हणून करावी लागते, आणि काही थेट पहिल्या षड्जावर जातात. कॅसेट जिथे थांबवली तिथेच थांबलेली असे, दुसऱ्याच्या वॉकमनमध्ये घातली तरीही.