चतुरांच्या मागे : मेहरूण ते पांझरा

जळगाव-धुळ्याकडे सहलीला म्हणून कोणी मुद्दाम येत नाही. आमच्या खानदेशची ख्याती केळीची, भरताच्या वांग्यांची आणि उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकला की नातेवाईकसुद्धा फोनवरच खुशाली विचारतात. अशा मुलखात गेली काही वर्षे आम्ही सुट्टीची सकाळ पाण्याच्या काठी घालवतो, चतुर बघत आणि त्यांचे फोटो काढत. चतुर म्हणजे तोच, ज्याला शहरातली मुले हेलिकॉप्टर म्हणतात. आमच्या दादी त्याला भंभीरी म्हणायच्या.

‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको, घरची दोन मुले आणि शाळेतली पाच-सात मुले-मुली. मुलींच्या घरून आधी नकारच आला. तलावावर जायचे, कॅमेरा घेऊन, आणि तेही किडे बघायला? शेवटी एका मुलीच्या अम्मीनेच मार्ग काढला, ‘मुलगी येईल, पण मग मीही येईन.’ तेव्हापासून आमच्या टोळीत डबे, चटई आणि कडेवरची लहान भावंडेही असतात. ती अम्मी आता आमच्यापेक्षा लवकर चतुर हेरते. सुईत दोरा ओवणारी नजर आहे, असे तिचेच म्हणणे.

सुरुवात मेहरूण तलावापासून केली, कारण तो घराजवळ. जळगावकरांना मेहरूण म्हटले की बोरे आठवतात. सकाळी फिरायला येणाऱ्यांची तिथे गर्दी असते. फजरची नमाज आटोपून निघालो की ऊन वर येण्याआधी काठावर पोहोचता येते, आणि हीच वेळ सर्वांत चांगली. रात्रीच्या गारव्याने चतुराचे अंग आखडलेले असते. तो गवताच्या पात्याला धरून स्वस्थ बसतो, पंखांवर दव असते, आणि साधा मोबाइलसुद्धा हातभर अंतरावर नेता येतो. आठनंतर तोच चतुर तुम्हाला दहा पावले जवळ येऊ देत नाही. त्याच्या प्रत्येक डोळ्यात हजारो लहान लहान भिंगे असतात, मोठ्या जातींत ही संख्या तीस हजारांच्या आसपास जाते. मागून येणारी सावलीही त्याला कळते. म्हणून सूर्य कुठे आहे ते आधी पाहायचे, आपली सावली त्याच्या अंगावर पडू द्यायची नाही, आणि उभे राहून नव्हे तर बसून, सरकत सरकत जायचे. तो उडाला तरी मागे धावू नये. बऱ्याच जाती घिरटी घालून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. जागेवर थांबलात तर फोटो मिळतो. वर्गात चाळीस मिनिटे शांत न बसणारी मुले इथे एका काडीकडे बघत तासभर बसतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पहिला धडा सोपा आहे. पंख पसरून बसतो तो चतुर, पंख पाठीवर मिटून बसते ती टाचणी. टाचणी नावाप्रमाणेच बारीक, तिचे डोळे एकमेकांपासून लांब. चतुराचे डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांना भिडलेले. ‘बहुधा’ एवढ्यासाठी म्हटले की धुळ्याच्या नकाणे तलावावर एका वाळक्या काठीच्या टोकाला बसलेला काळा-पिवळा धिप्पाड गडी सापडला. त्याचे डोळे सुटे सुटे होते आणि पंख मात्र पसरलेले. मुलांनी दोन गट पाडून भांडण केले. तो होता कॉमन क्लबटेल. त्याच्या सगळ्या कुळाचेच डोळे असे सुटे असतात.

ओळख पटवणे हाच या छंदाचा खरा रस आहे, आणि इथेच सब्र लागतो. शाळेच्या मैदानावर, पाण्यापासून दूर, जमिनीलगत बसणारा एक लहानसा चतुर आहे, ग्राउंड स्किमर. आमच्या एका विद्यार्थिनीने तो दोनदा टिपला, एकदा हिरवट-पिवळा, काळ्या खुणांचा, आणि एकदा निळसर राखाडी. या दोन जाती आहेत, असे तिचे ठाम मत. मग तिने आठवडे लावून मधल्या अवस्थेतले फोटो मिळवले, अर्धा पिवळा आणि अर्धा निळा. कोवळा नर पिवळा असतो, वय वाढते तशी त्याच्या अंगावर निळी भुकटी चढते. मेहरूणवर दिसणारा क्रिमसन मार्श ग्लायडर तर डाळिंबाच्या दाण्यासारखा गुलाबी-लाल, पण त्याची मादी साधी पिवळसर तपकिरी. एकाच जातीचे दोन रंग आहेत हे कळेपर्यंत वहीत दोन नावे लिहिलेली असतात.

फोटो तीन बाजूंनी घ्यावेत, अंगावरचे पट्टे दिसतील असा बाजूने, पंख आणि शेपटी दिसेल असा वरून, आणि चेहऱ्याचा समोरून. मग पुस्तकाशी ताडून पाहावेत. विज्ञान प्रसारने २००९ मध्ये काढलेले के. ए. सुब्रमण्यन यांचे भारतातील चतुरांवरचे मार्गदर्शक पुस्तक इंग्रजीत असले तरी त्यातली चित्रे मुलांनाही कळतात. त्याही आधी फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टरने हिंदुस्थानातल्या चतुरांवर तीन जाड खंड लिहिले. ते १९३३, १९३४ आणि १९३६ साली छापले गेले. पेशा डॉक्टरीचा, शौक चतुरांचा. आमच्या घरात हे उदाहरण फार उपयोगी पडते, विशेषतः ‘यातून मिळतं काय?’ असा सवाल आला की.

उन्हाळ्यात एक मजा दिसते. ऊन डोक्यावर आले की काही चतुर काडीवर बसूनच शेपटी सरळ आभाळाकडे उभी करतात, जणू शीर्षासन. अंगाचा कमीत कमी भाग उन्हाला दाखवायचा, ही त्यामागची युक्ती. खानदेशातल्या माणसांनाही एप्रिलच्या दुपारी असे काही करता आले असते तर बरे झाले असते.

चतुर पकडून शेपटीला दोरा बांधण्याचा खेळ आमच्या पिढीत गल्लोगल्ली चालायचा, अजूनही कुठे कुठे चालतो. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांत लहानपणापासून सांगितली जाते. ती सांगितली की दोऱ्याचे वेगळे काही सांगावे लागत नाही. आमचा नियम एवढाच की हात लावायचा नाही, जाळी आणायची नाही. कॅमेऱ्यात आला तेवढाच आपला.

जळगावहून धुळे साधारण ९० किलोमीटर. एरंडोल, पारोळा करत गेलो की रस्त्याच्या कडेची डबकीही बघता येतात. धुळ्यात नकाणे तलावाखेरीज आमचे खरे ठिकाण पांझरा नदी. शहरातली नव्हे, वरची, साक्री तालुक्यातली. तिथे अजून फड बागायतीचे बंधारे आणि पाट आहेत. ही पद्धत काही शतकांची जुनी. बंधाऱ्याने नदीचे पाणी पाटात वळवायचे, शेतीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाटकऱ्याने वाटायचे, कोणी मध्येच फोडायचे नाही. आम्हाला चतुरांमुळे या पाटांची ओळख झाली. संथ वाहणारे पाणी, कडेला गवत, वर झाडांची सावली, म्हणजे टाचण्यांचे माहेरच. पिवळीधमक कोरोमंडल मार्श डार्ट गवतात अशी दिसते की कोणीतरी हळदीची काडी खोचून ठेवली आहे. एक म्हातारे शेतकरी बराच वेळ आमच्याकडे पाहत होते. म्हणाले, ‘गुरुजी, पाणी बघायला लोक येतात, बांधकाम बघायला येतात. हे बघायला कोणी आलं नव्हतं.’

पण आता जे लिहायचे आहे ते पाण्याबद्दलच. चतुर उडताना दिसतो ते त्याच्या आयुष्याचे शेवटचे काही आठवडे. त्याआधीचे सारे दिवस त्याचे पिल्लू पाण्याखाली काढते. काही जातींत दोन-तीन महिने, काहींत वर्षभर आणि जास्तही. तोंडाखाली घडी घालून ठेवलेला चिमटा झपकन पुढे फेकून ते डासांच्या अळ्या, किडे, बेडकांची लहान पिल्ले पकडते. मग एका रात्री काडीवर चढते, पाठ फाटते आणि पंखवाला बाहेर येतो. काडीला चिकटलेली ती रिकामी कात मुले आगपेटीत जपून ठेवतात. सांगायचा मुद्दा असा की पाणी जसे, तसे चतुर. पालजवळच्या सातपुड्यातल्या ओढ्यांवर सावलीतल्या दगडांवर काळपट निळा ब्लॅक स्ट्रीम ग्लायडर दिसतो. शहरातल्या घाण पाण्यावर तो शोधून सापडणार नाही. उलट पंखांवर नारिंगी डाग असलेला डिच ज्युवेल गटाराच्या तोंडाशीही सुखाने नांदतो. त्याच्या शास्त्रीय नावातच ‘कंटॅमिनाटा’ आहे.

आमच्या मोहल्ल्यामागे एक ओढा आहे. मुलांनी तिथेही दर महिन्याला त्याच जागी उभे राहून फोटो काढले. पहिल्या पावसाळ्यात वहीत टाचण्या होत्या, ग्रीन मार्श हॉक होता, जो दुसऱ्या चतुरांनाच पकडून खातो. पुढच्या दोन पावसाळ्यांत एकेक नाव गळत गेले आणि पानभर नारिंगी डिच ज्युवेलच उरले. मध्यंतरी काय झाले ते सगळ्यांना ठाऊक होते. वरच्या अंगाने गटारे सोडली गेली, गॅरेजचे काळे तेल येऊ लागले, दावतींच्या थर्माकोलच्या थाळ्या अडकू लागल्या. मुलांनी तिन्ही वर्षांचे फोटो एका खाली एक लावून शाळेच्या प्रदर्शनात तक्ता ठेवला. त्याच्यासमोर सर्वांत जास्त वेळ थांबले ते आजोबा लोक. या ओढ्यात आम्ही पोहायचो, ते एकमेकांना सांगत होते. थाळ्या बंद झाल्या, काही घरांनी ओढ्याकडचे कुंपण बांधले. गटार अजून तसेच आहे.

डासांचा प्रश्न इथेच निघतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी टाक्या आणि ड्रम भरून ठेवतात; डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठ्यात वाढतो. चतुर आहेत म्हणून टाकी उघडी ठेवली तर चालेल का, असे आम्हाला विचारले जाते. नाही. टाकीवर झाकण हवेच, चतुराचे काम तलाव-डबक्यांवरचे. मात्र मशिदीच्या जुन्या हौदाच्या भिंतीवर करड्या दगडासारखा एक चतुर दिसला तर त्याला हाकलू नका. तो ग्रॅनाइट घोस्ट. सिमेंटचे हौद, दगडातली साचलेली पाणी हीच त्याची अंडी घालायची जागा. भिंतीवर बसला की भिंतच होतो. वुजू करणाऱ्या माणसाच्या हातभर अंतरावर असूनही बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो.

आणि एक प्रवासी. पावसाळ्यात कपाशीच्या शेतांवर, ईदगाहच्या मैदानावर संध्याकाळी पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे तरंगतात, ते वाँडरिंग ग्लायडर. पावसाच्या डबक्यात अंडी घालतात, सहा-सात आठवड्यांत पिल्ले तयार, डबके आटायच्या आत उडून गेलेली. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना दर ऑक्टोबरात तिथे हे चतुर उतरताना दिसत. मालदीवच्या बेटांवर वाढायला पुरेसे गोडे पाणीच नाही, मग हे आले कुठून? वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून त्यांनी २००९ मध्ये मांडले की हे भारताकडून वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. जाऊन येऊन हा फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा. हे वर्गात सांगितले तेव्हा ज्याचे अब्बू आखातात कामाला आहेत अशा एका मुलाने विचारले, ‘सर, गेलेला तोच परत येतो का?’ तो येत नाही. वाटेत पावसाच्या पाण्यात त्याची पिल्ले होतात, पिल्लांची पिल्ले होतात, आणि ती परततात. पूर्ण फेऱ्याला सुमारे चार पिढ्या लागतात. मुलाने ते वहीत लिहून घेतले आणि खाली आपल्या अब्बूंच्या येण्याची तारीखही लिहिली.

या शौकासाठी वाट पाहावी लागत नाही. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, कोणत्याही पाझर तलावावर सकाळी सातला पोहोचा. सोबत टोपी, पाणी, वही आणि ज्याचा कॅमेरा बरा असेल तो मोबाइल पुरे. काठावर शेवाळ निसरडे असते, लहान मुलांना पाण्याच्या बाजूला उभे करू नका. भडक रंगाचे कपडे टाळलेले बरे. फोटोसोबत तारीख, जागा आणि पाणी वाहते की साचलेले, एवढे तरी टिपून ठेवा. नाव नंतर सापडते.