सामायिक पारायचं राहून गेलं तर?



आपल्या नगरच्या कितीतरी घरांतली मुलं आता परदेशात आहेत, म्हणून हा अनुभव लिहिते. चूक माझीच होती.

माझा मुलगा दुबईत नोकरी करतो. २०१९ मध्ये त्याने आम्हा दोघांचा रहिवासी व्हिसा काढला. आईवडिलांना तो एका वर्षाचा मिळतो, दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो. रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे असं सगळं होऊन ओळखपत्र हातात आलं. फेब्रुवारी २०२० मध्ये पुतणीच्या लग्नासाठी आम्ही नगरला आलो. महावीर जयंती इथे करू आणि मग परत जाऊ, असं ठरलं होतं. पण १९ मार्चपासून तिथल्या सरकारने बाहेर गेलेल्या रहिवाशांनाही प्रवेश थांबवला, आणि २५ मार्चला आपल्याकडे लॉकडाऊन लागला. पुढे ह्यांची तब्येत, दुकान, घर यांत अडकलो ते अडकलोच. व्हिसाची मुदत त्याच वर्षी संपली. संपला म्हणजे संपला, असं आम्ही धरून चाललो. ओळखपत्र कपाटात साड्यांखाली पडून राहिलं.

२०२३ मध्ये सुनेला दिवस गेले. तारीख दिवाळीनंतरची होती. तिची आई नाही, त्यामुळे बाळंतपणाला मीच जाणार होते. डिंक, मेथ्या, सुंठ सगळं बांधून ठेवलं. मुलाने साधा भेटीचा व्हिसा मागितला, तर अर्ज अडकला. माझ्या नावावर जुन्या रहिवासी व्हिसाची फाइल अजून उघडीच होती!

तिथला नियम असा, की सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं तर रहिवासी व्हिसा साधारणपणे निरुपयोगी होतो. गोल्डन व्हिसासारखे काही अपवाद आहेत. पण निरुपयोगी होणं वेगळं आणि रद्द होणं वेगळं. ज्याने व्हिसा काढला त्यानेच तो रद्द करून घ्यायचा असतो. मी बी.कॉम. झालेली बाई. बँकेतली शिल्लक शून्य झाली म्हणून खातं आपोआप बंद होत नाही, हे मला कळायला हवं होतं.

ओळखीतल्या एकाने सोपा उपाय सुचवला. "काकू, तुमचा पासपोर्ट मध्यंतरी नवा झालाय, नंबर बदललाय. पूर्वी रहिवासी होता का, या प्रश्नापुढे 'नाही' लिहा. कोण बघतंय?" सूनही फोनवर म्हणाली, "मम्मी, लिहून टाका ना. मला तुम्ही इथे हव्या आहात."

खरं सांगते, माझं मन डळमळलं. बोटांचे ठसे तिथे आहेत, पकडले जाऊ ही भीती होतीच. पण त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात दुसऱ्या व्रताचे अतिचार म्हणताना जीभ अडखळली. मृषोपदेश म्हणजे खोटा सल्ला, कूटलेख म्हणजे खोटा लेख. इतकी वर्षं हे म्हणतेय, पण कूटलेख म्हणजे सावकाराची खोटी वही असंच वाटायचं. आपल्यासमोरचा अर्जही त्यातच मोडतो, हे त्या दिवशी कळलं.

मुलाला सांगितलं, "जे आहे तेच लिही. आधी जुनं बंद कर." त्याने कागद जमवले, कपाटातल्या ओळखपत्राचा फोटो मागवला आणि आम्हा दोघांचे व्हिसा रद्द करून घेतले. मग नवा अर्ज केला. यात दिवस गेले. स्थानकात महासतीजींची मांगलिक ऐकून निघाले, तेव्हा नात आठ दिवसांची झाली होती.

सुनेने दार उघडलं. चेहरा उतरलेला होता. मी तिला म्हटलं, "तुझ्या गरजेला मी नव्हते, मला खमव." ती काही बोलली नाही. बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि आत जाऊन झोपली, आठ दिवसांत पहिल्यांदाच सलग चार तास. तिचा राग पुढे निवळला. पण ते आठ दिवस तिने एकटीने काढले, हे मी विसरत नाही. खरं लिहिल्यामुळे उशीर झाला असं म्हणून मला सुटका नाही. उशीर झाला तो तीन वर्षांच्या आळसामुळे.

म्हणून सांगते. तिथलं राहणं संपवून कायमचं परत येणार असाल, तर निघण्याआधीच व्हिसा रद्द करून घ्या. कुटुंबाचे आधी, ज्याच्या नावावर काढले त्याचा शेवटी. रद्द केल्याचा कागद जपून ठेवा. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात. अमेरिकेचं ग्रीनकार्ड सोडायचं तर त्यालाही वेगळा अर्ज भरावा लागतो. मुलांवर सोडू नका, स्वतः विचारा.

आपण अठ्ठेचाळीस मिनिटांचं सामायिक करतो. घड्याळात वेळ झाली म्हणून नुसतं आसन गुंडाळून उठतो का? पारण्याचा पाठ म्हणतो, दोष आठवतो, मग उठतो. घेतलेलं रीतसर पारायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मी ते स्थानकापुरतंच ठेवलं होतं.

परतताना विमानतळावर मुलाला विचारलं, "या वेळी काही उघडं राहिलं नाही ना?" तो हसला. मी नाही हसले.

जय जिनेंद्र.