सांगड

'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण मराठीत नित्य वापरतो. परंतु प्रत्यक्ष सांगड आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. दोन होड्या शेजारी शेजारी घट्ट बांधून त्यांवर आडव्या फळ्या टाकल्या, म्हणजे जो तरता चौथरा तयार होतो, ती सांगड. गोव्यात बार्देश तालुक्यातील खाडीकाठच्या काही गावांत संत पेत्र व संत पौल यांच्या सणादिवशी, म्हणजे २९ जून रोजी, कोळी बांधव अशी सांगड सजवून पाण्यावर नेतात. तिच्यावर गाणी होतात, छोटे नाट्यप्रवेश होतात आणि सारा गाव काठावर बसून ते पाहतो. या सणालाच तेथे 'सांगोड' म्हणतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्यामुळे होड्याही मोकळ्या आणि माणसेही मोकळी.

२०२२ साली अशा एका गावच्या धर्मगुरूंनी मला सणासाठी बोलावले. ते माझे सेमिनरीतील सोबती. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या जोडीला प्रार्थनामंदिराचे ध्वनिवर्धक उघडून दुरुस्त करण्याचा छंद मला तेथेच जडला होता, हे त्यांना ठाऊक होते. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पोहोचलो, तो चहाचा पेला हाती देतानाच ते म्हणाले, "आधी खाडीवर चला. सांगडीवरचे स्पीकर बिघडले आहेत, आणि त्यापेक्षा मोठा बिघाड दुसराच आहे."

तो दुसरा बिघाड मला वाटेत कळला. सांगडीच्या दोन होड्या दोन सख्ख्या भावांच्या. वडिलांच्या मागे घराची व जाळ्यांची वाटणी झाली आणि तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते. तथापि सणाला होड्या देण्याची रीत वडिलांपासूनची. ती दोघांपैकी कोणीही मोडली नव्हती. होड्या एकत्र बांधलेल्या, माणसे मात्र वेगळी. प्रत्येकाने आपापल्या होडीवर आपला स्पीकर बांधला होता आणि त्याची वायर आपल्याच हाताने जोडली होती. अँप्लिफायर मधल्या फळीवर ठेवलेला होता.

प्रथम जो दोष सापडला तो साधा होता. घुमटावर थाप पडली की अँप्लिफायर क्षणभर बंद पडे. बॅटरी एका होडीच्या पार टोकाला ठेवून तेथून १० मीटर लांब वायर आणली होती, तीही घरात वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटरची. जाण्याची व परतीची मिळून २० मीटर तार झाली. तिच्यातून २० अँपियर प्रवाह वाहू लागला की सुमारे ३ व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात. बारा व्होल्टची बॅटरी आणि यंत्राला मिळतात अवघे नऊ! बॅटरी जवळ आणून जाड वायर घातली, तेव्हा ती व्यथा संपली. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत एक फ्यूजही बसवला. कारण पुढे कोठे वायर घासून उघडी पडली, तर तोच होडीला आगीपासून वाचवतो. काठावरच्या घरातून २३० व्होल्टची वीज ओढून आणण्याची एका तरुणाची कल्पना मात्र मी तत्काळ नाकारली. ओल्या फळ्यांवर ती वीज नेणे म्हणजे मरणालाच आमंत्रण.

यानंतर खरे कोडे समोर आले. दोन्ही स्पीकर चालू असताना आवाज पातळ आणि पोकळ येई. गाणाऱ्याचा कंठ जणू डब्यातून ऐकू येई आणि घुमटाचा घुमार तर नाहीसाच होई. कोणीतरी अँप्लिफायरचा गेन वाढवला, तेव्हा कर्कशपणा तेवढा वाढला. गेन म्हणजे शक्ती वाढवण्याची कळ, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो येणाऱ्या आवाजाशी यंत्राचे माप जुळवण्यासाठी असतो. आवाज फाटू लागेपर्यंत तो वाढवावा आणि मग थोडा मागे घ्यावा, एवढेच त्याचे काम.

इतक्यात धाकटा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "फादर, दोष त्याच्या स्पीकरमध्ये आहे. मी सिद्ध करून दाखवतो." त्याने थोरल्याच्या स्पीकरची वायर काढली. आणि खरोखरच आवाज भरून आला, घुमट बोलू लागले! थोरला हे पाहतच होता. त्याने मुकाट्याने आपली वायर पुन्हा जोडली आणि धाकट्याची काढली. तेव्हाही आवाज तसाच भरून आला. दोघांनी माझ्याकडे पाहिले. दुसरा दोषी असल्याचा पुरावा प्रत्येकाच्या हाती होता आणि तो पुरावा खोटा नव्हता.

स्पीकरचा पडदा पुढे सरकला म्हणजे समोरची हवा दाबली जाते, मागे गेला म्हणजे ती विरळ होते. त्यातून ध्वनी उत्पन्न होतो. एका स्पीकरची धन व ऋण टोके उलट जोडली गेली, तर एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जातो. एक हवा दाबतो, दुसरा ओढतो, आणि दोघांचे श्रम एकमेकांना पुसून टाकतात. खर्जातील स्वरांच्या लहरी लांब असतात, त्यामुळे तेच स्वर अधिक मरतात. एकेकटा स्पीकर मात्र उलट जोडलेला असो वा सुलट, तितकाच चांगला वाजतो.

या प्रकारात सर्वांत मोठी हानी होते ती दोन्ही स्पीकरांपासून सारख्याच अंतरावर बसलेल्याची. मी काठाकडे पाहिले. अगदी मधोमध एका खुर्चीवर त्या दोघांची वृद्ध आई तालीम ऐकायला येऊन बसली होती. मी जवळ जाऊन विचारले, तेव्हा ती म्हणाली, "फादर, कान गेले वाटतं माझे. घुमट दिसतं, पण ऐकू येत नाही."

दोष पडताळण्याची रीत सोपी आहे. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरीच्या टोकांना क्षणभर टेकवावा आणि पडदा पुढे येतो की मागे जातो ते पाहावे. वायरीच्या दोन्ही तारा काळ्याच असल्याने नुसत्या पाहून काही कळण्यासारखे नव्हते. मी सेल लावून पाहिला आणि उलटी जोडणी कोणाची हे मला कळले. दोघेही उत्तराची वाट पाहत होते. नाव उच्चारले असते, तर एकाला विजय मिळाला असता आणि वाटणीच्या भांडणात आणखी एका मुद्द्याची भर पडली असती.

मी म्हणालो, "एकाची वायर उलटी आहे. पण कोणाची हे शोधण्याचे कारण नाही. दोघांपैकी कोणीही आपली वायर फिरवली, तरी आवाज जुळेल." यात मी यत्किंचितही असत्य बोललो नाही. दोन पडदे एकाच वेळी एकाच दिशेने हलले, म्हणजे झाले.

थोडा वेळ कोणीच हलले नाही. मग दोघांपैकी एक खाली बसला आणि आपल्या वायरीची टोके सोडवू लागला. अंधारून आले होते. दुसऱ्याने बॅटरीचा दिवा उचलून त्याच्या हातांवर धरला. टोके बदलली, घुमटावर थाप पडली आणि काठावरच्या त्या माउलीने मान वर केली.

वाचकहो, ज्याने वायर फिरवली त्याची जोडणी मुळात सुलट होती. हे मी त्याला सांगितले नाही, आणि तो थोरला की धाकटा, हे येथेही लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सांगड पाण्यावर निघाली. प्रभू येशूने सिमोनाच्या होडीत बसून काठावरच्या लोकांना उपदेश केल्याचे संत लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो. तो प्रसंग मला आठवला. आणि त्याच प्रभूची दुसरी आज्ञाही आठवली. वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाचे आपल्याविषयी काही गाऱ्हाणे आहे असे स्मरले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. ही आज्ञा मी कितीदा तरी वाचली असेल. परंतु चूक कोणाची, हे प्रभू तेथे विचारतच नाही, याकडे माझे लक्ष त्या दिवशी प्रथम गेले.

त्या रात्रीने वाटणीचा प्रश्न सुटला, असे मी म्हणणार नाही. परंतु सण आटोपल्यावर होडीत साचलेले पावसाचे पाणी उपसताना एकाने दुसऱ्याकडे डबा मागितला आणि त्याने तो दिला, एवढे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.