थांबलेला काटा

वजन घटवण्याविषयी आपल्या समाजात हल्ली पुष्कळ बोलले जाते. लग्नाच्या पंगतीत, मार्केट यार्डातल्या गादीवर, एवढेच काय, मंदिराच्या पायरीवर चपला घालता घालतादेखील कोणी दोनच वेळा जेवण्याचा प्रयोग सांगतो, कोणी गहू सोडल्याचा. या साऱ्या कथनांना आरंभ असतो आणि शेवट असतो. पहिल्या महिन्यात चार किलो गेले, वर्षाअखेरीस वीस गेले, संपले. मधल्या काळाविषयी सहसा कोणी बोलत नाही. सर्व काही नेमाने चालू आहे, जिभेला लगाम आहे, पाय रोज चालत आहेत आणि काटा मात्र जागचा हलत नाही, असा तो काळ असतो. माझ्या वाट्याला त्यातले अकरा आठवडे आले. पुष्कळांचे प्रयत्न नेमके याच ठिकाणी सुटतात हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हा लेख.

माझे वय ५४. सांगलीत आमची हळदीची अडत आहे, तिसरी पिढी. दिवसाचे नऊ-दहा तास गादीवर बसून जातात. आमचे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, ५८ व्या वर्षी गेले. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाली होती. शेवटची दोन वर्षे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी मिरजेला जावे लागे आणि गाडी मी चालवीत असे. परतताना ते बोलत नसत. खिडकीबाहेर बघत बसत. गेल्या जानेवारीत माझी तपासणी झाली तेव्हा एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.३ आला. ६.५ ला मधुमेह धरतात. वजन ९४ किलो होते आणि कंबर १०८ सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या हातात अजून वेळ आहे, पण तो फार नाही." आप्पांचे वय गाठायला मला चार वर्षे उरली होती. मुलगा नुकताच दुकानात येऊ लागला होता. पुढे त्याला मिरजेची वाट घालायला लागू नये, एवढाच विचार तेव्हा मनात होता.

पहिले चार-साडेचार महिने सोपे गेले. यार्डातला चहा टाळता येत नाही, पण तो बिनसाखरेचा घेता येतो. सूर्यास्तापूर्वी जेवायचे हा घरचा नेम होताच. त्यासाठी दुकानात येणारा साडेपाचचा डबा आटोपशीर झाला. चार पोळ्यांच्या जागी एक ज्वारीची भाकरी आली आणि भाजी दुप्पट झाली. सकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊन परत यायचे. मे अखेरीस मी ८५.५ किलोंवर आलो. आमच्या दुकानातला मोठा काटा पोती तोलण्यासाठी आहे. त्यावर शेठनेच उभे राहावे याची तोलार आणि हमाल यांना मोठी गंमत. तोलार आकडा वाचून म्हणाला, "अण्णा, एक धडा गेला की!" दहा किलोंना दीड किलो कमी होते, पण व्यापारात एवढी सूट चालते.

त्यानंतर जून लागला आणि काटा थांबला. ८५.४, ८५.७, ८५.२, पुन्हा ८५.५. नेम तोच, डबा तोच, छत्री घेऊन चालणेही तेच. चौथ्या आठवड्यात मन विचारू लागले की एवढे करून काहीच पदरी पडत नसेल तर करायचे कशासाठी? भोवतालचे लोकही या वेळी मदत करीत नाहीत. वजन झपाट्याने उतरत असते तेव्हा कौतुक होते. ते थांबले की आग्रह सुरू होतो. "आता बास झाले, घ्या एक पुरणपोळी." आईची गोष्ट निराळी होती. ती एका संध्याकाळी म्हणाली, "किती वाळवशील रे अंग? आप्पांचं असंच सुरू झालं होतं." मधुमेह कळण्याआधी आप्पा असेच रोडावले होते. आमच्या घरात उतरणारे वजन म्हणजे आजार, अशी तिची समजूत आप्पांच्या आजारपणाने करून दिलेली होती, आणि मला तिला खोटे ठरवता येईना.

कारण समजले तर धीर धरता येतो, म्हणून मी डॉक्टरांना विचारले आणि थोडे वाचले. पहिली गोष्ट माझ्याच धंद्यातली निघाली. (ओली हळद कंद म्हणून आपण वर्ज्य मानतो आणि वाळलेली खुशाल वापरतो, या लेखात मला दोन्हींची गरज आहे.) शंभर किलो ओली हळद शिजवून उन्हात घातली की वाळून वीस-पंचवीस किलो भरते. ही घट रोज सारखी होत नाही. पहिल्या काही दिवसांत वजन धडाधड उतरते, कारण पाणी जात असते. पुढे हळकुंड मोडल्यावर टणक आवाज येईपर्यंत रोजची घट नजरेत भरत नाही, आणि तरीही माल खरा तयार होतो तो त्याच दिवसांत. शरीरातही आरंभी असेच घडते. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार कमी केला की हा साठा आधी उपसला जातो आणि पाणी त्याच्यासोबत जाते. पहिल्या पंधरवड्यातल्या ज्या दीड-दोन किलोंचा आपण सोहळा करतो, ती बव्हंशी ओल असते. चरबी तिच्यामागून, सावकाश जाते.

दुसरे कारण जमाखर्चाचे आहे. शरीर लहान झाले की त्याचा रोजचा खर्चही लहान होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याचा हिशेब मांडला. वजन एक किलो घटले की रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी कमी होतो. भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. माझे साडेआठ किलो गेले होते. म्हणजे शरीराला पूर्वीपेक्षा दीडेक भाकरी कमी लागत होती आणि ते मागत होते चार-पाच भाकऱ्या जास्त! हे वाचून मला विलक्षण बरे वाटले. जूनपासून दुपारी चारच्या सुमारास जी भूक लागे तिला मी मनाचा दुबळेपणा समजत नव्हतो, पण तिला नावही देता येत नव्हते. घटलेले वजन वसूल करू पाहणारा तो शरीराचा तगादा होता. आणि तगादेदाराशी कसे वागावे हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही: त्याला हाकलायचे नाही, चिडायचे नाही, थोडे देऊन पुढची तारीख घ्यायची. चारच्या भुकेला मी मूठभर भाजलेले हरभरे देऊ लागलो.

रोजच्या आकड्याचे काय करायचे, हाही प्रश्न होताच. आदल्या दिवशी पापड-लोणचे झाले की मिठाने पाणी धरले जाते आणि काटा अर्धा किलो वर दाखवतो. त्यात चरबीचा संबंध नसतो. रोजकीर्दीवरून नफा-तोटा काढत नाहीत. मी सात दिवसांची सरासरी काढून फक्त तीच वहीत लिहू लागलो, आणि तिच्या शेजारी दोन रकाने पाडले: चाललो की नाही, डबा ठरल्याप्रमाणे झाला की नाही. वजन माझ्या हातात नव्हते, हे दोन रकाने होते. भाव पडले म्हणून कोणी दुकानाच्या फळ्या काढायचे थांबवत नाही; मंदीच्या महिन्यांत गादीवर बसायला उत्साह लागत नाही, बसायची सवय लागते. हे मला आप्पांनी पंचवीस वर्षांपूर्वी धंद्यासाठी सांगितले होते. स्वतःच्या शरीराबाबत त्यांनी ते वापरले असते तर, असे कधी कधी मनात येते.

आहारतज्ज्ञ बाईंनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. वजन घटताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि स्नायू झिजले की शरीराचा खर्च आणखी घटतो; तेव्हा प्रथिने वाढवा आणि ताकदीचा व्यायाम करा. त्यांचा तक्ता पाहून पत्नी हसली. त्यात अंडी होती, मोड आलेली मटकी होती आणि दही-डाळ एकाच वाटीत होती. अंड्यांचा प्रश्नच नव्हता, मोड आमच्याकडे चालत नाहीत आणि कच्च्या दुधाच्या दह्याबरोबर डाळ म्हणजे द्विदल. तिने तक्ता बाजूला ठेवला आणि आपला बांधला: सकाळच्या जेवणात भिजवून शिजवलेले हरभरे किंवा मूग, डब्यात घट्ट वरण आणि घरचे पनीर, आणि ताक घ्यायचे तर ते ज्या वेळी डाळ नसेल त्या वेळी. आपल्या स्वयंपाकघरात प्रथिने कमी पडतात हे खरे आहे, पण ती बसवता येतात. त्यासाठी नियम मोडावे लागत नाहीत, थोडे डोके चालवावे लागते. व्यायामासाठी मुलाने पाच-पाच किलोंची दोन वजने आणली. गुडघे सांभाळून खुर्चीवरून उठणे-बसणे आणि ती वजने उचलणे, आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटे.

याच काळात एका नातलगांनी सुचवले, "दशलक्षणात दहा उपवास करून टाका, काटा आपोआप हलेल." त्यांचा हेतू चांगला होता. मला मात्र ते पटले नाही आणि अजूनही पटत नाही. बाह्य तपांत अनशन आहे, त्याच्या पाठोपाठ अवमौदर्य आहे, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे, रसपरित्यागही आहे. पण ही तपे कर्मनिर्जरेसाठी सांगितली आहेत. पर्वातल्या उपवासाचे फळ काट्यावर मोजायला लागलो तर उपवास आणि प्रकृती, दोन्हींचा हिशेब चुकतो. शिवाय पारण्याच्या दिवशी काय होते ते आपण सारे जाणतो! मी पर्वात नेहमीप्रमाणे एकाशने केली आणि त्या दिवसांत वहीत वजन लिहिले नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या साधर्मींनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून लांब उपवास करूच नये. साखर एकदम खाली गेली तर जिवावर बेतते.

पर्वाच्या आधी, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, तपासणी झाली होती. त्या दिवशी वजन ८५.१ होते; अकरा आठवड्यांची कमाई चारशे ग्रॅम. एचबीए१सी मात्र मेमधल्या ६ वरून ५.८ वर आले होते. हा आकडा मागच्या सुमारे तीन महिन्यांचा असतो, म्हणजे ज्या महिन्यांत काटा हलला नव्हता त्याच महिन्यांचा हा हिशेब होता. कंबर १०१ वरून ९८ वर आली होती. डॉक्टरांना याचे नवल वाटले नाही. त्यांनी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा अभ्यास सांगितला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. माझ्यासारख्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर तो झाला. आहार आणि व्यायाम सुधारणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले, आणि त्यांचे वजन फारसे घटले नव्हते.

आपल्या लोकांचे वजन काय सांगत नाही, याचे दुसरे उदाहरण पुण्याचे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली चरबी पोटाशी साठते आणि हातपाय बारीक दिसतात. त्यामुळे गादीवर बसणाऱ्या आपल्या मंडळींनी काट्याइतकाच शिंप्याच्या टेपचा उपयोग करावा: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी. मला अजून आठ सेंटिमीटर जायचे आहे.

तो रिपोर्ट मी आईला वाचून दाखवला. तिने आकडे ऐकून घेतले, त्यातले किती समजले कोण जाणे. मग विचारले, "म्हणजे मिरजेला जावं नाही ना लागणार?"

"आत्ता तरी नाही," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून डब्यातले वरण ती स्वतः वाढून देऊ लागली, आणि ते पूर्वीपेक्षा बरेच घट्ट असते.

पर्वानंतर काटा थोडा हलला; आज सरासरी ८४.६ आहे. पुन्हा थांबेल अशीच चिन्हे आहेत, कारण पुढे दिवाळी आहे आणि मग लग्नसराई. कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर गेल्या रविवारी मधे न बसता चढलो. गेल्या वर्षी दोनदा बसावे लागले होते. पुढची तपासणी डिसेंबरात आहे.