वखारीतले चाकरमानी

वखार म्हटली की आमच्या पिंगुळीच्या मुलांच्या डोळ्यांपुढे लाकडांचे ढीग उभे राहतात. इंग्रजांनी 1649 साली राजापुरास वखार घातली, हे वाक्य परवा धाकट्या पुतण्याने मोठ्याने घोकले आणि लगेच मला विचारले, "काका, ते सागवान विकीत, की जळाऊ?"

यात त्या पोराचा काही दोष नाही. पुस्तकात वखार येते, पण वखारीतली माणसे येत नाहीत. ती माणसे कोण होती? शोधायला गेलो तर सेनापती भेटत नाहीत, की मुत्सद्दी भेटत नाहीत. भेटतात ते कारकून! लंडनात 1600 साली स्थापन झालेल्या एका कंपनीचे नोकर. बरेचसे कोवळ्या वयात घर सोडून आलेले. 1613 साली सुरतेस त्यांची वखार निघाली. एकाच आवारात राहायचे, एकाच पंक्तीला जेवायचे, नेमाने प्रार्थनेला बसायचे आणि रात्री दरवाजा बंद झाला की आत असायचे, असा तेथला शिरस्ता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कारकुनाला पगार सालीना 10 पौंड आणि त्याच्या वरच्या 'फॅक्टर'ला 20. एवढ्यात भागणार कसे? मग जो तो चोरून-मारून स्वतःचाही व्यापार करी. विलायतेहून यायला सहा-सहा महिने लागत. घरी पत्र धाडले तर त्याच्या उत्तराची वाट वर्षभर पाहायची.

वाचकहो, हे चित्र ओळखीचे वाटते ना? मला तर गिरगावातली गावकऱ्यांची खोली आठवली. आमचे थोरले काका त्या खोलीत उभ्या जन्मात कधी पाय पसरून झोपले नाहीत. एका खोलीत पंधरा वळकट्या, खानावळीचा डबा, आणि महिनाअखेर गावी जाणारी मनीऑर्डर. राजापूरच्या खाडीकाठी मिरी आणि कापडाचे हिशेब लिहिणारा तो गोरा पोरगा म्हणजे चाकरमानीच की!

हे सारे मी काकीला सांगितले. ती वाल सोलत बसली होती. तिने एवढेच विचारले, "मेल्यांका आवशीची आठवण येत नसात काय?"

येत असणारच. कितीकांना तर परत जायला मिळालेच नाही. 1668 साली विलायतेच्या राजाने आपली मुंबई कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्याने दिली. म्हणजे अख्ख्या मुंबईचे भाडे एका कारकुनाच्या पगाराएवढे! पण त्या दलदलीच्या बेटावर दोन पावसाळे काढले तर माणसाचे आयुष्य पुरे झाले, असे तेव्हा म्हणत. 1689 साली विलायतेहून निघालेला ओव्हिंग्टन नावाचा पाद्री सांगतो, की आपल्या जहाजातून आलेल्या 24 उतारूंपैकी विसांच्या वर माणसे त्या एका पावसाळ्यात मातीआड झाली. शिपायांनी संसार थाटावेत म्हणून कंपनी विलायतेहून लग्नाच्या मुलीही जहाजाने धाडी. त्या मुलींनी बंदरात उतरताना काय पाहिले असेल, याचा हिशेब मात्र कंपनीच्या वहीत नाही.

इतके झाल्यावर मन कळवळते. पण कळवळ्याच्या भरात एक गोष्ट विसरून चालणार नाही. 1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि शिवाजी महाराज गडावर होते. तेव्हा राजापूरच्या वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला. नुसता गेला नाही. इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर गोळे टाकले. पुढल्याच साली मराठ्यांनी राजापूर गाठले, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनला त्याच्या सोबत्यांसह कैद केले. कैद्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणे घातले. 1662 साली उत्तर आले. त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडला गेला नाहीत. पन्हाळ्यावर आपले निशाण मिरवायला गेलात, त्याचे हे फळ. शेवटची माणसे सुटायला 1663 साल उजाडले.

माझ्या मते सारा फरक येथे आहे. आमचे काका जन्मभर मुंबईत राहिले, पण दुसऱ्याच्या वेढ्यात तोफ घेऊन गेले नाहीत. घरच्या आठवणीने रडणारा माणूस परक्याच्या घरावर गोळा टाकणार नाही, असे आपण उगाच धरून चालतो. हिशेबाची वही आणि तोफेची बत्ती ही एकाच हातात राहू शकतात.

पुढे 1674 साली हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन रायगडावर गेला, राज्याभिषेक पाहिला आणि राजापूरच्या नुकसानीची बोलणी करून आला. तेव्हा तो वाकून उभा होता. 1765 साली इंग्रजांनी आमच्या मालवणचा सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नावही दिले! ते नाव किल्ल्याला चिकटले नाही. वर्षभरात किल्ला करवीरकरांकडे परत आला. पण 1812 साली मालवण आणि वेंगुर्ले दोन्ही कायमची त्यांच्याकडे गेली. वहीचे पान उलटायला दीडशे वर्षे लागली, एवढेच.

आमच्या गावी ठाकर मंडळी चित्रकथी सांगतात. मांडीशी एकेक चित्र उभे करायचे आणि गाऊन, बोलून कथा पुढे न्यायची. 2021 साली याच कलेसाठी आमच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. मी ऐकलेल्या कथा रामायण-महाभारतातल्या. त्यांत रावणसुद्धा काही पहिल्या चित्रात दहा तोंडांनी येत नाही. तो येतो भिक्षेची झोळी घेऊन, आणि सीतेला त्याची दया येते. दया येण्यात सीतेचे काही चुकले नव्हते. फक्त पुढचे चित्र अजून उलटायचे होते.

काकीचा नातू आता लंडनात नोकरीला आहे. एका खोलीत तिघे राहतात, पाळीपाळीने भात शिजवतात. उत्तराला वर्ष लागत नाही. रोज रात्री तो फोनवर दिसतो. दिसला की काकी आधी जेवलास काय म्हणून विचारते आणि मग दर खेपेस एक वाक्य बजावते, "थंयच्या माणसांशी बरो वाग हां, बाबा. तां तेंचा घर."